अकरा नावांची घंटी

रज्जाकभाऊंकडे चहा प्यायचा म्हटलं तर आधी नावं ऐकून घ्यावी लागतात. कप पुढे करतात, पण हातातून सोडत नाहीत. "दूध गजाननचं, अद्रक शेजारच्या बाईच्या कुंडीतलं, उकळला फरजानानं. मी बाहेर आनला," एवढं सांगून झालं की मग कप सुटतो. तोवर चहावर साय धरलेली असते.

एकदा मी चुकून म्हणालो, "चहा मस्त झालाय, रज्जाकभाऊ."

"मले कायले सांगता? जिनं केला तिले सांगा." आणि त्यांनी खरोखरच वहिनींना आतून बोलावलं. मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. वहिनी हात पुसत दारात उभ्या राहिल्या, "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना याची सवय होती.

मी मूळचा वरोऱ्याचा. पोंभुर्ण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आलो आणि रज्जाकभाऊंच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. दुकान म्हणजे पंखे, मिक्सर, मोबाईल, झालंच तर कोणी आणलाच तर रेडिओ, यांचा दवाखाना. पहिल्याच आठवड्यात माझा टेबलफॅन बंद पडला. त्यांनी तो दुसऱ्या दिवशी दिला आणि म्हणाले, "आत चिठ्ठी हाय. पुढच्या मेकॅनिकले कामी येईल."

मी खोलीवर जाऊन जाळी उघडली. आत वहीच्या कागदावर लिहिलेलं होतं : 'वायर कोनीतरी घरी जोडली, गाठ मजबूत. कॅपॅसिटर मागच्या मेकॅनिकनं चुकीचा टाकला, नाव मालूम नाही. तेल रज्जाक.'

वायर माझ्या वडिलांनी जोडली होती. मी तसं सांगितलं तर रज्जाकभाऊ हातातलं काम ठेवून म्हणाले, "मंग वडलांले फोन लावा ना. गाठ मस्त मारली म्हना." लावला. वडील निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्याच कामाला कोणी मस्त म्हटलेलं नव्हतं. पुढे महिनाभर ते फोनवर आधी मेकॅनिकची खुशाली विचारायचे, मग माझी.

"ज्याचं नाव त्याले," हे रज्जाकभाऊंचं पालुपद. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी ध्वनिव्यवस्थेबद्दल त्यांचे आभार मानले, तेव्हा हे गृहस्थ प्रेक्षकांतून उठून थेट माईकपाशी गेले आणि म्हणाले, "लाइनची वायर शिपाईभाऊंनी झाडावर चढून टाकली. मी खाली उभा होतो." टाळ्या पडल्या. शिपाईभाऊ लाजून मंडपाबाहेर गेले. प्राचार्य मात्र नंतर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते, कारण खोली मी रज्जाकभाऊंकडे घेतली होती.

तर अशा या माणसाने एक घंटी तयार केली.

झालं असं, की गजानन दूधवाला नाल्यापलीकडच्या गावचा. मधे एक रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल. पावसाळ्यात त्याच्यावरून कधी पाणी जाईल याचा नेम नाही. गजानन भल्या पहाटे कॅन बांधून निघायचा, रपट्याशी येऊन पाणी बघायचा आणि परत जायचा. रज्जाकभाऊंनी प्लास्टिकच्या पाइपात एक तरंगता गोळा सोडला, त्याला जुन्या मोबाईलचं सर्किट जोडलं, वर हाताएवढा सोलर बसवला. पाणी रपट्यावर आलं, की गोळा वर येतो आणि गजाननला मिस कॉल जातो. उतरलं, की लागोपाठ दोन मिस कॉल. गजाननने फोन उचलायचाच नाही. खर्च शून्य.

ही गोष्ट हळूहळू पसरली. भामरागडकडे तर पावसात गावंच्या गावं तुटतात. तिकडच्या एका नर्सबाईंनी ती मागवून घेतली आणि कळवलं, की पाइपात काडीकचरा अडकतो, खाली जाळी लावा. एका गवंड्याने पाइप वाहून जाऊ नये म्हणून पाया कसा घालायचा ते दाखवलं. असं प्रत्येकाने काही ना काही सुचवलं आणि ज्याने सुचवलं त्याचं नाव रज्जाकभाऊ पेटीच्या आत, सर्किटच्या पाठीवर बारीक मार्करने लिहीत गेले. अकरा नावं झाली. मी एकदा म्हटलं, "वर झाकणावर लिहा ना, लोकांना दिसतील."

"नाई नाई," ते एकदम म्हणाले. "आतच पाह्यजे."

हे मला त्यांच्या इतर तऱ्हांसारखंच वाटलं आणि मी सोडून दिलं.

एका उन्हाळ्यात पुण्याहून अनिकेत नावाचा तरुण इंजिनिअर जंगल सफारीला आला. कॅमेऱ्याचा चार्जर बिघडला म्हणून दुकानात आला आणि घंटी पाहून तिथेच बसला. सफारी राहिली. त्याने समजावून सांगितलं, की हे सगळं जगासाठी खुलं करता येतं. नकाशे, आकृत्या, सगळं इंटरनेटवर टाकायचं, कोणीही बनवावं, कोणीही विकावं. अट एकच, की मूळ कोणी बनवलं त्यांची नावं द्यायची.

रज्जाकभाऊंनी पाना खाली ठेवला. "म्हंजे तसा कायदाच हाय का?"

"लायसन्स असतं, भाऊ."

"नाव द्याच म्हून?"

"द्यावंच लागतं."

रज्जाकभाऊ त्या लायसन्सच्या प्रेमातच पडले. मी ते छापून आणलं आणि सलग चार संध्याकाळी त्यांना मराठीत सांगितलं. नाव देण्याचा परिच्छेद आला, की म्हणायचे, "अजून एकडाव वाचा, सर." ऐकताना डोळे मिटायचे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही तो परिच्छेद ऐकावा लागे. एक बाई मिक्सरचं भांडं घेऊन अर्धा तास उभ्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "नाव देते मी, पण माझा मिक्सर देऊन टाका."

मोठ्या प्रमाणावर पेट्या बनवायच्या तर पैसा हवा. अनिकेत म्हणाला, तो लोकांकडूनच थोडा थोडा जमवू, इंटरनेटवर.

"गनपतीच्या वर्गनीसारखा?" रज्जाकभाऊंनी विचारलं.

"तसंच समजा."

"मंग पावतीवर सगळ्यांचे नावं पाह्यजे."

व्हिडिओ काढला. तीन मिनिटांचा व्हिडिओ, त्यातला निम्मा वेळ रज्जाकभाऊ नावं वाचत होते. अनिकेतने ती कापली. पानावरचा इंग्रजी मजकूर माझ्याकडे आला. आणि इथे माझी चूक सांगायला हवी. इंग्रजीच्या मास्तराला मथळ्याचा मोह आवरत नाही. मी लिहिलं, की जंगलातल्या एका खेड्यात एका एकट्या माणसाने, कोणाच्याही मदतीशिवाय, नदीला बोलायला शिकवलं. अनिकेतला ते फार आवडलं. वर्गणी भराभर जमली. रज्जाकभाऊंना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना ढोबळ अर्थ सांगितला. 'एकटा' हा शब्द मी गाळला. मुद्दाम नाही, असं मी स्वतःला सांगत असतो.

'रपट्याची घंटी' हे नाव मात्र पुण्यात चाललं नाही. नाला, रपटा असले शब्द गटारासारखे वाटतात, असं तिथल्या डिझाइनरबाईंचं म्हणणं पडलं. खूप चर्चा करून त्यांनी 'वाहिरा' असं नाव काढलं.

"जाहिरा?" रज्जाकभाऊ फोनवर म्हणाले. "जाहिरा आमच्या मावशीची सून हाय."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पहिली पेटी आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, वर निळी लाट. वहिनी म्हणाल्या, "साबनदानी दिसते." रज्जाकभाऊंनी आधी चालू करून पाहायच्या ऐवजी सरळ स्क्रू काढायला घेतले. झाकण निघालं. आत हिरवं, चकचकीत सर्किट. त्यांनी ते उलटं केलं. पाठीवर तीच निळी लाट, आणखी मोठी. त्यांनी भिंग लावून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं, पुन्हा उलटं.

"सर," ते हळू म्हणाले, "नावं कुठी गेली?"

फोन लावला. स्पीकरवर अनिकेत म्हणाला, नावं वेबसाइटवर आहेत, बोर्डावर फार गर्दी दिसत होती. मी वेबसाइट उघडली. खाली, त्याखाली, आणखी एक पान उघडून तळाशी एक ओळ होती : स्थानिक समुदायाचे आभार.

"समुदाय कोन?" रज्जाकभाऊ म्हणाले. "गजाननले हाक मारून पाहा समुदाय म्हून. मागं वळून पाहते का?"

"भाऊ, तुमचं नाव तर पहिल्याच ओळीत आहे. फोटोसकट. एकट्याने केलं असं लिहिलंय," अनिकेत म्हणाला.

रज्जाकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"एकट्यानं?" त्यांनी विचारलं. मला नाही, अनिकेतलाही नाही. मग फोन माझ्या हातात देऊन ते आत निघून गेले. त्या दिवशी चहा वहिनींनी आणला आणि कप कोणतंही नाव न घेता माझ्या हातात दिला. इतका वाईट चहा मी कधी प्यायलो नाही.

ती पेटी त्यांनी रपट्यावर लावलीच नाही. गजाननकडे जुनीच घंटी राहिली. अनिकेतने मानधन देऊ केलं, ते परत पाठवलं. माझ्याशी बोलणं बंद केलं नाही, उलट रोज संध्याकाळी मला समोर बसवून ईमेल लिहायला लावायचे. मजकूर दरवेळी तोच : 'नावं आत छापा. बाहेर तुमची लाट राहू द्या. रज्जाकचं नाव नसलं तरी चालते.' ही शेवटची ओळ मी विनय म्हणून लिहीत गेलो. नंतर सहज ती जुनी अकरा नावं मोजली, तेव्हा लक्षात आलं, की त्यांत रज्जाक हे नाव नव्हतंच. गजानन होता, नर्सबाई होत्या, गवंडी होता. आणि सगळ्यांत वर होता कोणी सुधाकर. गावात विचारलं, तर माझ्या वयाच्या कोणालाच हा सुधाकर ठाऊक नव्हता.

पाऊस संपता संपता अनिकेतचा फोन आला. आवाज रडवेला. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीने वाहिरा जशीच्या तशी उचलली होती. पेटी तीच, सर्किट तेच, फक्त लाटेच्या जागी स्वतःचा मासा.

"आमचं नाव काढून टाकलं हो, भाऊ! दीड वर्ष घासलं मी."

रज्जाकभाऊंच्या जागी मी असतो तर बरंच काही बोललो असतो. ते म्हणाले, "अरे अरे. लई वाईट झालं, बेटा. जेवला का तू?"

चार दिवसांनी अनिकेत स्वतःच पोंभुर्ण्याला आला. उन्हाने लाल झालेला, दाढी वाढलेली. बाकावर बसून म्हणाला, "भाऊ, पुढच्या पेट्यांत नावं घालतो. पण खरंच सांगतो, बोर्डावर बॅटरीजवळ एवढीशीच जागा आहे. एक नाव बसेल."

मला वाटलं, आता वाद होणार. रज्जाकभाऊंनी क्षणभरही विचार केला नाही. "मंग सुधाकर टाका. बाकीच्यांले मी सांगतो, ते समजून घेतील."

"सुधाकर कोण?"

"मी समोसे आनतो," रज्जाकभाऊ म्हणाले आणि चप्पल घालून रस्त्यावर गेले. दुकान उघडं टाकून ते कधी जात नसत.

मग वहिनी बाहेर आल्या आणि त्यांच्या स्टुलावर बसल्या.

"दोघांचं दुकान होतं हे," त्या म्हणाल्या. "चंद्रपूरले आयटीआयले संगं होते. डोकं सुधाकरभाऊंचं. बोलनं यांचं. ही पान्याची घंटी, हे त्याईनंच काढलं होतं तवा, वायरीवरची. मोबाईल कुठी होते? एक पेपरवाला आला. याईनं पटापट सगळं सांगतलं. मी असं केलं, मी तसं केलं. पेपरात यांचा फोटो आला अन् यांचंच नाव. सुधाकरभाऊंचा नुसता हात दिसत होता कडेले."

"मग?" अनिकेतने विचारलं.

"हे म्हने, अगा, पेपरवाल्यानं चूक केली. तर सुधाकरभाऊ म्हनले, पेपरवाला तुले इचारत होता तवा मी बाजूलेच बसलो होतो ना रज्जाक. बस, एवढंच. भांडन नाई, काई नाई. मी परद्याआड चहा घेऊन उभी होती. तो चहाबी नाई घेतला. पिशवी उचलली अन् सिरोंच्याची गाडी धरली. बावीस वर्सं झाली."

"शोधलं नाही?"

"लई शोधलं. कोनी म्हने सिरोंच्यात हाय, कोनी म्हने नदीपार तेलंगणात टीव्ही दुरुस्त करते. पत्ता कुठीच नाई." त्यांनी समोरच्या उघड्या पेटीकडे बोट केलं. "सुधाकरभाऊले खोका दिसला का उघडल्याबिगर राहवत नाई. कोनाचाबी असो. म्हून हे म्हनते, नाव आत पाह्यजे. वरचं नाव सारेच वाचते. आतलं तोच वाचनार."

अनिकेतने लॅपटॉप काढला आणि माझ्यापुढे सरकवला. माझा मथळा अजून तिथेच होता, एकट्या माणसाचा. मी तो पुसला. त्या जागी काय लिहावं हे सुचेना, म्हणून रज्जाकभाऊ येईपर्यंत थांबलो. ते समोसे घेऊन आले, आमच्या तिघांची तोंडं पाहिली आणि काय झालं ते ओळखलं. वहिनींवर रागावले नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहितो."

ते बराच वेळ पुडीची दोरी सोडत राहिले. मग म्हणाले, "लिहा. हे आमी दोघांनी केलं."

"आणि पुढे?"

"पुढं बाकीच्यांचे नावं. पन पयले हे."

पुढच्या पेट्या निघाल्या, त्यांत बॅटरीखाली पांढऱ्या बारीक अक्षरांत सुधाकर आहे. वर लाट आहेच. माशावाल्या कंपनीशी अनिकेतचा वाद अजून चालू आहे. मधूनमधून तो फोन करून रज्जाकभाऊंचा सल्ला घेतो. सल्ला दरवेळी जेवला का, इथून सुरू होतो.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सिरोंच्याच्या बाजूला दोन पेट्या लावायच्या होत्या. रज्जाकभाऊ म्हणाले, मी स्वतः जातो. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्ही संगं जा. आष्टी, आलापल्ली करत, जंगलातून धक्के खात गाडी पोचली. पेट्या लावण्याचं काम तासाभराचं. उरलेला दीड दिवस आम्ही बाजारातली दुरुस्तीची दुकानं पालथी घातली. रज्जाकभाऊंची पद्धत ठरलेली. आत शिरायचं, पेटी उघडून सर्किट दुकानदाराच्या हातात द्यायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचं. लोक तेलुगूत काहीतरी विचारायचे, हे मराठी-हिंदीत उत्तर द्यायचे. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने नावावर अंगठा फिरवला, तेव्हा रज्जाकभाऊ एकदम पुढे झुकले. म्हाताऱ्याने विचारलं, ही बॅटरी कुठे मिळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या गाडीसाठी स्टँडवर बसलो. ऊन सौम्य होतं, पलीकडे नदीवर वारा सुटला होता. शेवटी मी विचारलंच, "भेटले असते तर काय म्हणाला असता, रज्जाकभाऊ? माफी मागितली असती?"

"माफी कायची? तो म्हनला असता, जुनं कायले काढतं."

"मग?"

त्यांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, डबा काढताहेत. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला एक जुना रेडिओ काढला. मागचं झाकण नव्हतं. आत एक वायर सुटलेली, तिच्या टोकाला लावलेलं सोल्डर काळं पडलेलं.

"तो गेला तवा हे काम त्याच्या हातात होतं," ते म्हणाले. "त्याले म्हनलो असतो, सुधाकर, हे पाहून दे बावा. मले समजून नाई राह्यलं."

मी रेडिओत डोकावलो. मलासुद्धा कळत होतं, की फक्त ती एक वायर टेकवायची आहे.

"रज्जाकभाऊ, हे तर तुम्ही..."

"दहा मिनिटाचं काम हाय, सर," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाले तवाच नवा रेडिओ घेऊन देला."

आलापल्लीची गाडी लागली. लोक उठले, दारापाशी गर्दी झाली. रज्जाकभाऊंनी ती सुटलेली वायर बोटाने हळूच आत सारली, तुटू नये अशी, आणि टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला.